तानाबाईच्या अंगठ्याचं नख

तानाबाई प्रोफेसर झाली ही बातमी बोरी अरबला सकाळी नऊच्या एसटीनं पोचली, आणि दहाच्या आत तिला केबिन, फिरती खुर्ची आणि खुर्चीवर टाकायचा पांढरा टॉवेलसुद्धा मिळाला होता.

बातमी निघाली पुंडलिकरावांच्या टपरीवरून. विद्यापीठाचं कापूस संशोधन प्रक्षेत्र, ज्याला गावात सगळे ‘फारम’ म्हणतात, त्याच्या फाटकासमोर त्यांचा चहा उकळत असतो. पुंडलिकराव कोणतीही गोष्ट सांगायच्या आधी गाळणी कपावर दोनदा आपटतात, मग डावा डोळा बारीक करतात, आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणतात, “मी सोता पाह्यलं!”

“फळ्यासमोर कोन उभं? तानाबाई! अन् खाली बाकावर कोन? थे एमेस्सी झालेली मॅडम! वही काढून लिहून राह्यली ना बाप्पा. मी सोता पाह्यलं!”

कंडक्टरनं त्यात भर घातली की तानाबाई आत आली तेव्हा मोठे साहेब उठून उभे राहिले. आठवडी बाजारात वांगी विकणाऱ्या धुरपताबाईनं ते आणखी पुढे नेलं. “अवं, तिनंच म्हने सायबाचा इंटरव्यू घेतला! म्हने, सांगा बरं सायेब, पऱ्हाटीच्या पात्या कायले गळते? सायेब चिडीचूप!” दारव्ह्याच्या स्टँडवर बातमी उतरली तेव्हा तानाबाई इंग्रजीत शिकवत होती.

आता खरं काय ते. तानाबाई प्रोफेसर झाली नाही. तिला केबिन नाही, खुर्ची नाही, टॉवेल तर नाहीच. इंग्रजीतले तिला तीन शब्द येतात, क्रॉस, टॅग आणि मस्टर, आणि तिन्ही ती मराठीच समजते. साहेबांचा इंटरव्ह्यू तिनं घेतला नाही. साहेबांनी तिचा घेतला, आणि दुसऱ्याच प्रश्नाला तिचा पदर घामानं ओला झाला. फळ्यासमोर मात्र ती खरोखर उभी होती, आणि मॅडम खरोखर बाकावर होत्या. तेवढं पुंडलिकरावांनी खिडकीतून चहा देता देता सोता पाह्यलं होतं. पण ते तसं का झालं, हे टपरीवरून दिसण्यासारखं नव्हतं.

तानाबाई सत्तेचाळीस वर्षांची. घरी चार एकर रान, नवरा ते पाहतो. ती स्वतः अठरा वर्षं फारमवर रोजंदारीला. एकोणनव्वद दिवस काम झालं की हजेरीपटावरून नाव उडायचं. चारपाच दिवस घरी बसायचं. मग पुन्हा तेच नाव नव्यानं चढायचं, जणू ही बाई आजच पहिल्यांदा फाटकातून आत आली. जुने साहेब बदलून जायचे, नवे यायचे, आणि तानाबाईला विचारायचे, “बाई, तुम्ही नवीन का?” ती म्हणायची, “हाव साहेब, परवापासून.”

तिचं काम होतं कपाशीचा संकर करणं. म्हणजे एका वाणाच्या फुलावर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि त्या बोंडातून नवं बी घ्यायचं. हे ऐकायला सोपं आहे. दुपारी दोननंतर ओळीत शिरायचं आणि उद्या सकाळी उमलणार अशी नेमकी फुगलेली कळी शोधायची. तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख हलकेच रुतवायचं, गोल फिरवायचं, आणि पाकळ्या आतल्या परागासकट टोपीसारख्या उचलून काढायच्या. खाली उरतं मटराच्या दाण्याएवढं हिरवं बोंड आणि त्यावर उभी एक नाजूक काडी. बोंडाला ओरखडा गेला की ते गळतं. काडी दुखावली तरी गळतं. उरलेल्या कळीवर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाचं फूल त्या काडीवर फिरवायचं आणि देठाला पिवळा दोरा बांधायचा. जमलं असेल तर बोंड धरतं. नसेल तर चारपाच दिवसांत बोंड मातीत आणि दोरा नुसता लोंबत.

म्हणजे सगळा खेळ उजव्या अंगठ्याच्या नखाचा. फारमवरच्या बाया ते नख राखून असतात, पण तानाबाईचं नख म्हणजे फारमची मालमत्ता असल्यासारखं होतं. भांडी घासताना त्या अंगठ्याला चिंधी. सारवण डाव्या हातानं. एकदा नवऱ्यानं संत्रं पुढे केलं आणि म्हणाला, “एवढं नख वाढवलं तं सोलून दे.”

“सरकारी नख हाय थे,” तानाबाई म्हणाली. “घरच्या वापराचं नाही.”

तर २००६च्या सप्टेंबरात, गणपती नुकतेच उठले असताना, पेपरात जाहिरात आली. त्या सालांत आमच्या जिल्ह्यात कापसाचं नाव निघालं की माणसं विषय बदलत. प्रत्येक घरानं जणू ठरवून टाकलं होतं की घरातला एक माणूस ओळीतून काढायचा आणि नोकरीच्या रांगेत उभा करायचा. त्यामुळे विद्यापीठ फारमवर बीजोत्पादनाचा वर्ग काढणार आहे, त्यासाठी दोन निदेशक, म्हणजे शिकवणारे, कंत्राटावर आणि एक क्षेत्र सहायक कायम स्वरूपी पाहिजे, एवढ्या चार ओळींच्या मजकुराची कात्रणं ढाणकीपासून राजूरपर्यंत खिशाखिशात गेली.

तानाबाईनं ती जाहिरात पुंडलिकरावांच्या टपरीवर तीनदा वाचून घेतली. क्षेत्र सहायकाला अट सातवी पास. रोजंदारीवाल्यांना वयात सूट. तिनं घरी जाऊन पेटीच्या तळातून सातवीचा दाखला काढला. त्यावर वाळवीनं एक कोपरा खाल्ला होता, पण ‘उत्तीर्ण’ शाबूत होतं. त्या रात्रीच्या भाकरी थापताना ती एकच हिशेब करत राहिली: ही जागा मिळाली तर एकोणनव्वदाव्या दिवसानंतर नव्वदावा दिवस येईल. अठरा वर्षांत तिनं तो पाहिला नव्हता.

तयारीची जबाबदारी घेतली अपेक्षानं. अपेक्षा म्हणजे तानाबाईच्या धाकट्या बहिणीची मुलगी, शेजारच्याच घरात राहणारी, अकरावीत शिकणारी, आणि खरं लपवून काय उपयोग, हे लिहिणारी तीच. तिला एकच कला येते: कोणाचाही आवाज काढणं. कंडक्टर, कॉलेजचे प्राचार्य, रेडिओवरची हवामानवाली बाई, सगळे तिच्या गळ्यात राहतात. ती तानाबाईला मोठीमाय म्हणते.

“असं आहे की,” अपेक्षानं फारमच्या मोठ्या साहेबांचा, म्हणजे डॉक्टर मधुसूदन साहेबांचा आवाज काढला आणि नसलेला चष्मा नाकावर वर ढकलला, “असं आहे की, बाई, आपण बसा. आपला अनुभव सांगा. म्हणजे, थोडक्यात.”

तानाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“हसू नको ना, मोठीमाय! साहेबासमोर बी असीच हसशीन काय?”

“साहेब साहेबासारखे बोलते तं हसू नाही येत वं. तू त्याईच्यासारखी बोलते म्हून येते.”

“बरं. आता ऐक. इस्त्रीचं लुगडं. त्याले डाग नाही पायजे. तोंडात खर्रा नाही पायजे.”

“मी कवा खाल्ला खर्रा?”

“सांगून ठेवलं. अन् हे पाय.” अपेक्षाकडे कॉलेजबाहेर मिळालेली एक पिवळी पुस्तिका होती, मुलाखतीस जाताना काय करावे. तिनं त्यातली ओळ रेडिओवरच्या बाईच्या आवाजात वाचली. “नखे कापलेली व स्वच्छ असावीत.”

तानाबाईनं आपला अंगठा उजेडात धरला. “हे बी?”

“हे तं पयले! साहेब म्हनतीन, बाई हाय का घार?”

तानाबाईला ते पटलं नाही. पण पुस्तिका छापलेली होती, अपेक्षा अकरावीत होती, आणि जाहिरातीत तर ‘मुलाखतीस हजर राहावे’ एवढंच लिहिलं होतं. मुलाखत म्हणजे बोलणं; बोलायला नख कशाला लागतं? तिनं नवऱ्याचं दाढीचं पातं मागितलं आणि अंगणात बसून नख उतरवलं. ते बैलाच्या शिंगासारखं टणक झालं होतं. एका घावात निघेना. निघाल्यावर आतला गुलाबी अंगठा बघून ती म्हणाली, “हा तं कोन्या दुसऱ्या बाईचा दिसून राह्यला.”

मुलाखतीच्या दिवशी फारमच्या फाटकापासून टपरीपर्यंत आणि टपरीपासून बाभळीपर्यंत माणसंच माणसं. निदेशकाच्या दोन जागांना पदव्या फायलीत भरून आणलेली साठ-सत्तर पोरंपोरी. त्यात यवतमाळची भैरवी मॅडम होती. तिच्या घरी तीन पिढ्या कचेऱ्यांत. ती मात्र एमेस्सी करून तीन वर्षं तासावर शिकवत होती, एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी. विद्यार्थिनी असताना ती फारमवर यायची. तानाबाईला ओळखून ती हसली. “अगदी खरं सांगायचं तर, ताई, मला कालपासून जेवण गेलं नाही.” भैरवी प्रत्येक वाक्याआधी ‘अगदी खरं सांगायचं तर’ म्हणते, खोटं ती कधी सांगते हे अजून कोणाला कळलेलं नाही.

क्षेत्र सहायकाच्या रांगेत खेमसिंग होता, फारमवरचाच, तांड्यावरून सायकलनं येणारा, तानाबाईइतकाच जुना रोजंदार. तो तिला त्याच्या बोलीत याडी म्हणतो, म्हणजे आई, जरी ती त्याच्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी आहे.

“याडी, आज तू अन् मी दुश्मन बरं का,” तो म्हणाला आणि अर्धी शेंगदाण्याची पुडी तिच्या हातावर रिकामी केली.

आत गेल्यावर मधुसूदन साहेब म्हणाले, “असं आहे की, बाई, बसा. आपला अनुभव?” आणि तानाबाईला इतकं हसू फुटलं की ते खोकला म्हणून दडवावं लागलं. तिनं अठरा वर्षं सांगितली. मग समितीतल्या बाहेरून आलेल्या साहेबांनी विचारलं, “कपाशीचं शास्त्रीय नाव काय?”

तानाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. पदर ओला. शेवटी म्हणाली, “आमी तिले नावानं हाक नाही मारत, साहेब.”

समिती हसली. हसू चांगलं की वाईट, हे तिला कळेना. ती उठायला लागली, तेवढ्यात मधुसूदन साहेब म्हणाले, “असं आहे की, बोलून काम कळत नाही. अर्जांवरून आम्ही सहा जण निवडलेत, आपण त्यात आहात. दोन वाजता ओळीत यायचं. प्रत्येकाला एकेक ओळ, तीस कळ्या. साडेपाचला घंटा होईल. उद्या सकाळी पराग लावायचे. दहाव्या दिवशी ज्याच्या दोऱ्यांची बोंडं जास्त, त्याची जागा. निदेशकाचे निवडलेले उमेदवार तुमच्याशेजारी उभे राहून समितीला काम समजावून सांगतील.”

तानाबाईनं अंगठा मुठीत लपवला.

बाहेर तारेच्या कुंपणापाशी अपेक्षा डबा घेऊन उभी होती. कॉलेज बुडवून आली होती. तानाबाईनं तारेतून अंगठा पुढे केला आणि काय झालं ते सांगितलं. अपेक्षाच्या गळ्यात पंधरा-वीस माणसांचे आवाज राहतात, पण त्या घटकेला निघाला तो तिचा स्वतःचा.

“माह्यामुळं झालं,” ती म्हणाली.

“तुह्यामुळं नाही, त्या पिवळ्या पुस्तकामुळं. भाकर दे.”

“मोठीमाय, चाल घरी. नखाबिगर पंधरा बी लागनार नाही.”

“पंधरा?” तानाबाईचा घास हातात थांबला. तिला राग आला नव्हता. तिला तो आकडा बघावासा वाटला. नखाशिवाय किती लागतात, हे अठरा वर्षांत तिनं कधी करून पाहिलं नव्हतं. “लाव पैज.”

“आता काय पैज, मोठीमाय!”

“लाव म्हनते ना. पंधराच्या वर लागले, तं दिवाळीच्या सुट्टीत पंधरा रोज माह्या हाताखाली ओळीत. नख वाढवून.”

अपेक्षानं सगळ्या घराला सांगून ठेवलं होतं की ती मेली तरी कपाशीच्या ओळीत पाय ठेवणार नाही. “अन् नाही लागले तं?”

“तं घरातला टेप तुले.”

तो टेप, त्यात स्वतःचा आवाज भरता येतो म्हणून, अपेक्षा दोन वर्षं मागत होती. “लावली,” ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं की हरलेलं बरं.

खेमसिंग मागं उभा राहून ऐकत होता. त्यानं आपला अंगठा बघितला. “याडी, उसनं देता येत असतं ना, तं दिलं असतं.”

दोनला दहा मिनिटं होती. तानाबाई गोदामामागं गेली. तिथं मागल्या सालच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या झाडांचा, ढीग होता, मजूर बाया सरपणाला नेतात तो. वाळक्या बोंडाच्या चार फाका उघडून आ वासून राहिलेल्या असतात, आणि प्रत्येक फाकेचं टोक सुईसारखं. कापूस वेचताना ती टोकं तिनं लहानपणापासून टोचून घेतली होती. तिच्या बोटांवर त्यांचे डाग होते. तिनं एक फाक तोडली, फुंकर मारून आतली धूळ उडवली आणि अंगठ्याच्या पेरावर बसवून पाहिली. सैल झाली. दुसरी घेतली. ती बसली, मापाची असावी तशी. वरून तिनं पिवळ्या दोऱ्याचे दोन वेढे दिले.

ओळीत तिच्याशेजारी चिठ्ठीनं भैरवी आली. समिती पाठोपाठ. पहिल्या कळीला फाक घसरली आणि कळी फाटली. दुसरीही फाटली. तानाबाईनं दोन्ही बाजूला टाकल्या आणि हात झटकले. शेजारच्या ओळीत खेमसिंग पाच करून सहाव्या कळीवर होता. पाकळ्या सटासट पडत होत्या.

“हे बाई अंगठ्याला काय लावून बसल्या आहेत?” बाहेरच्या साहेबांनी भैरवीला विचारलं. “पद्धतीत हे कुठं आहे?”

भैरवीच्या फायलीत पद्धत होती, आकृतीसकट. तिनं फाईल उघडली, बंद केली. “अगदी खरं सांगायचं तर, सर, मला माहीत नाही. मी विचारते.” आणि ती इस्त्रीच्या साडीनं मातीत उकिडवी बसली. “ताई, हे काय आहे?”

“नख हाय, मॅडम. मागल्या सालचं.”

“आणि तुमचं?”

“कापलं. इंटरव्यू होता ना.”

मधुसूदन साहेबांनी चष्मा वर ढकलला. दुसऱ्या ओळीकडे निघालेले ते पुन्हा मागं फिरले आणि तिथंच थांबले.

तानाबाईची अडचण अशी होती की स्वतःच्या नखाला कळतं कुठं थांबायचं. या परक्या नखातून तिला काही जाणवेना. म्हणून ती आधी तर्जनीनं कळी चाचपायची, आतलं बोंड किती खाली बसलंय ते पाहायची, मग फाक लावायची, मग जरा थांबायची, मग फिरवायची. भैरवी हे सगळं समितीला मोठ्यानं सांगत होती, फायलीतलं नव्हे, समोर दिसत होतं ते: “आता त्या थांबल्या. आता बोंडाच्या वर एक दाणा जागा सोडली.” साडेपाचची घंटा झाली तेव्हा खेमसिंगच्या तीस लाल टोप्या वाऱ्यावर हलत होत्या. तानाबाईच्या चोवीस.

दुसऱ्या सकाळी सगळ्यांनी पराग लावले, दोरे बांधले, आणि सहाही ओळींना चुना टाकून हद्द घातली. दहा दिवस तिथं कोणी पाय ठेवायचा नाही.

ते दहा दिवस तानाबाईनं ओळीकडे पाठ करून काम केलं. पुंडलिकराव मात्र रोज नवी बातमी द्यायचे. “आज खेमसिंगची सात गळाली. मी सोता पाह्यलं.” त्यांच्या टपरीवरून ती ओळच दिसत नाही, मधे गोदाम आहे. तरी तानाबाई दरवेळी विचारायची, “अन् माही?” आणि ते डावा डोळा बारीक करून म्हणायचे, “तुही मोजून राह्यलो.” घरी ती जेवताना अंगठा ताटाच्या कडेवर घासून नख किती आलं ते पाहायची. थोडं आलं होतं. तिच्या मनात आलं की या नव्या नखाला नव्वदावा दिवस दिसेल की पुन्हा परवापासूनच सुरुवात होईल.

दहाव्या दिवशी मोजणी. मधुसूदन साहेब स्वतः वाकून प्रत्येक पिवळ्या दोऱ्याला हात लावत होते. कारकून लिहून घेत होता. पहिल्या चार ओळींत नऊ, अकरा, सात, बारा. खेमसिंगच्या ओळीत सोळा. फारमवर अशा मोजणीत सोळा म्हणजे चांगलंच. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. खेमसिंगनं टाळ्या घेतल्या नाहीत. तो तानाबाईच्या ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला होता.

कुंपणाबाहेर अपेक्षा बोटांवर मोजत होती. पहिल्या झाडाला तीन दोरे, तीन बोंडं. दुसऱ्याला चार दोरे, दोन बोंडं. दोन दोरे नुसते लोंबत होते. तिसऱ्याला पुन्हा तीन. ओळीच्या मधोमध सलग तीन दोरे रिकामे निघाले आणि तानाबाईनं डोळे मिटले. पुढं पुन्हा धरलेली. चौदा. पंधरा. शेवटच्या झाडाशी साहेब आले तेव्हा दोन दोरे राहिले होते. त्यांनी एक बोंड दोन बोटांत धरलं, सोडलं, दुसरं धरलं. मग पहिल्या झाडापासून सगळी ओळ पुन्हा मोजली. तानाबाईला वाटलं, काही चुकलं.

“असं आहे की,” साहेब सरळ होत म्हणाले, “सतरा.”

“याडी!” खेमसिंग ओरडला, आणि त्याचा आवाज आनंदाचा होता की दुःखाचा हे त्यालाही सांगता आलं नसतं. नंतर टपरीवर त्यानं तिला चहा पाजला आणि म्हणाला, “पुढल्या जाहिरातीले मी बी नख कापून येतो.”

साहेबांना मात्र जागेपेक्षा आकड्यानं पछाडलं. तीसपैकी सोळा ठीक. पण चोवीसपैकी सतरा? त्यांनी ती वाळकी फाक मागून घेतली, चष्मा काढून पाहिली, चष्मा लावून पाहिली. “बाई, नखानं तुमचे एवढे कधी लागले होते?”

“नाही, साहेब.”

“मग हे कसं?”

तानाबाईनं खरंच विचार केला. “मले नाही मालूम, साहेब. आपलं नख असलं का आपन बेफिकीर असतो. हे दुसऱ्याचं होतं. पयल्या दोन कळ्या फाटल्या, तवा कळलं का याले विचारून विचारून चालवा लागते. जपून चाललं, म्हून लागले असतीन.”

क्षेत्र सहायकाचा आदेश दसऱ्यानंतर आला, निदेशकांचेही आले. त्यातला एक भैरवीचा. समितीच्या शेऱ्यात तिच्या नावापुढं काय लिहिलं होतं हे कारकुनानं टपरीवर फोडलं: ‘माहीत नसल्यास विचारते.’ वर्ग भरला त्या पहिल्या सकाळी भैरवी मॅडमनी पंचवीस पोरांच्या बाकांवर एकेक वाळकं बोंड ठेवलं आणि म्हणाल्या, “अगदी खरं सांगायचं तर, हे मलाही अजून करता येत नाही. ताई शिकवतील. मी पण शिकणार आहे.” आणि वही घेऊन पुढच्या बाकावर बसल्या. तानाबाईला खडू धरता येईना, ती फळ्याला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “पयले सगळ्याईनं आपला अंगठा पाहा.” तेवढ्यात पुंडलिकराव चहाची किटली घेऊन खिडकीशी आले.

हजेरीपट आता वेगळा आहे. त्यात नाव उडत नाही. तरीही सवयीनं तानाबाई दिवस मोजतेच.

राहिली पैज. अपेक्षानं सुटायचा एक प्रयत्न करून पाहिला. “मोठीमाय, पैज नखाबिगर होती. तू तं नख लावलं!”

“थे पऱ्हाटीचं होतं. माहं कुठं होतं?”

“पन नखच ना!”

“बरं,” तानाबाई म्हणाली, “मंग पंधरा रोजाच्या जागी चौदा कर. पन टेप काही तुले भेटत नाही.”

तर दिवाळीची सुट्टी लागली आहे. सकाळी टोपल्यात लाल कागद आणि पिवळा दोरा घेऊन अपेक्षा मोठीमायच्या मागं ओळीत जाते, पहिल्या दिवशी तिच्या अकरापैकी दहा गळाली, आणि आवाज काढायला तोंड उघडलं की मोठीमाय म्हणते, “हात चालव.” उजव्या अंगठ्याचं नख तिनं सप्टेंबरपासून कापलेलं नाही. ते पेनाच्या आड येतं. हे सगळं लिहिताना दर ओळीला कागदावर त्याचा एक ओरखडा उठला आहे. पाच रोज झाले. नऊ राहिले.